अमेलिया एअरहार्ट : महासागरावरील एक रात्र

विमानातून महासागर ओलांडणे ही आज नित्याची गोष्ट झाली आहे. शेकडो उतारू सायंकाळी एका खंडात विमानात बसतात आणि सकाळी दुसऱ्या खंडात उतरतात. परंतु सुमारे शंभर वर्षांपूर्वी स्थिती अगदी निराळी होती. त्या काळची विमाने लहान असत. पुष्कळ विमानांना एकच इंजिन असे. ते आकाशात बिघडले, तर वैमानिकाने एखादे सपाट शेत किंवा माळरान हेरावे आणि विमान अलगद खाली आणावे, एवढाच उपाय उरत असे. पण खाली अथांग सागर असेल, भोवती रात्र असेल आणि किनारा शेकडो मैल दूर असेल, तर वैमानिकाने काय करावे? अशा वेळी नुसते धाडस उपयोगी पडत नाही. यंत्राचे ज्ञान, शांत चित्त आणि योग्य निर्णय घेण्याची शक्ती या तिन्ही गोष्टी लागतात. या तिन्ही गोष्टी अंगी बाणविणाऱ्या एका स्त्रीची ही जीवनकथा आहे. तिचे नाव अमेलिया एअरहार्ट.

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, ॲचिसन या गावी झाला. तिचे बालपण बरेचसे आजोळी गेले. त्या काळी मुलींनी घरात बसावे, शिवणटिपण करावे आणि कपडे मळू देऊ नयेत, अशी समजूत होती. अमेलियाला हे बंधन रुचत नसे. झाडांवर चढणे, बर्फावरून घसरगाडी हाकणे आणि धाकट्या बहिणीला घेऊन रानात हिंडणे यांत तिचा वेळ जाई. सात वर्षांची असताना तिने एका जत्रेत उंचावरून रुळांवर धावत येणारी गाडी पाहिली. घरी येताच तशी गाडी आपणच करावी, असे तिच्या मनाने घेतले. एका छपरापासून जमिनीपर्यंत तिने फळ्यांचे रूळ लावले, त्यांना चरबी चोपडली आणि लाकडी खोक्यात बसून ती स्वतः वरून निघाली. खोके खाली आले ते वेगाने उसळूनच! अमेलियाचा ओठ सुजला, झगा फाटला; पण तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. आपण क्षणभर हवेत उडालो, असे तिला वाटले.

गंमत अशी की, खरेखुरे विमान तिने प्रथम पाहिले तेव्हा मात्र तिला त्याचे काहीच कौतुक वाटले नाही. गंजलेल्या तारा आणि लाकडाच्या पट्ट्या यांचा तो एक सांगाडा आहे, एवढेच त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात आले.

पुढे घरची स्थिती पालटली. वडील वकील होते. पण त्यांना दारूचे व्यसन जडले आणि संसाराची घडी विस्कटली. कुटुंबाला गावे बदलावी लागली आणि अमेलियाला शाळा बदलाव्या लागल्या. या दिवसांनी तिला एक गोष्ट शिकविली. दुसऱ्याच्या आधारावर विसंबून न राहता आपल्या पायांवर उभे राहावे, हा तिचा निश्चय त्याच काळात दृढ झाला.

त्या सुमारास पहिले महायुद्ध चालू होते. १९१७ च्या अखेरीस अमेलिया कॅनडातील टोरांटो शहरी बहिणीला भेटावयास गेली असता तिला रस्त्याने जखमी सैनिक जाताना दिसले. ते दृश्य पाहून तिचे मन हेलावले. शिक्षण बाजूला ठेवून ती तेथील एका सैनिकी रुग्णालयात परिचारिकांची साहाय्यक म्हणून राहिली. तेथे फावल्या वेळी ती जवळच्या मैदानावर विमानांचे उड्डाण पाहावयास जाई. विमान निघताना त्याच्या पंख्याने उडविलेला बर्फाचा भुगा तोंडावर बसे. लहानपणी तुच्छ वाटलेला तो सांगाडा आता तिला आपल्याकडे ओढू लागला.

१९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत रुग्णसेवा करता करता ती स्वतःच आजारी पडली. बरे होण्यास बरेच महिने लागले. विश्रांतीचे हे दिवसही तिने वाया घालविले नाहीत. मोटारीचे इंजिन कसे चालते, ते कसे उघडावे, बिघाड कसा ओळखावा आणि कसा दुरुस्त करावा, हे शिकविणाऱ्या एका वर्गात तिने नाव घातले. आपल्याला पुढे या विद्येचा किती उपयोग होणार आहे, याची तिला त्या वेळी कल्पनाही नसेल. हात तेलाने काळे करून घेतलेली विद्या पुढे एका रात्री तिच्या कामी आली.

१९२० च्या डिसेंबर महिन्यात कॅलिफोर्निया राज्यात वडिलांबरोबर ती एका विमानमेळ्यास गेली. तेथे दहा डॉलर देऊन तिला दहा मिनिटे विमानात बसावयास मिळाले. विमान जमिनीपासून दोन-तीनशे फूट वर गेले मात्र, आणि आपण विमान चालविण्यास शिकावयाचेच, असा तिने निश्चय केला. परंतु शिकण्यास पुष्कळ पैसे लागत. त्यासाठी तिने टेलिफोन कचेरीत नोकरी केली, छायाचित्रे काढण्याचे काम केले, मालमोटारही हाकली. नेटा स्नूक या तरुण स्त्री-वैमानिकाकडे १९२१ च्या जानेवारीत तिचे शिक्षण सुरू झाले. विमानतळ घरापासून दूर होता. ट्रॅममधून उतरून कित्येक मैल धुळीच्या रस्त्याने चालत ती तेथे पोचे. त्याच वर्षी तिने साठविलेल्या पैशांतून आणि आईच्या साहाय्याने एक जुने पिवळे विमान विकत घेतले. त्याचे नाव तिने कॅनरी पक्ष्यावरून ठेवले. १९२२ साली हेच विमान तिने १४,००० फूट उंचीवर नेले. तोपर्यंत कोणतीही स्त्री विमानाने इतक्या उंचीवर गेली नव्हती.

विमानविद्येने पोट भरण्याजोगे दिवस मात्र अजून आले नव्हते. अमेलियाने आपले विमान विकले आणि ती बोस्टन शहरात एका सेवासंस्थेत काम करू लागली. परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या गरीब कुटुंबांतील मुलांना ती इंग्रजी शिकवी, त्यांच्याबरोबर खेळे, आणि सुटीच्या दिवशी विमानतळावर जाऊन उड्डाणाचा सराव ठेवी.

१९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग या तरुणाने अमेरिकेतील न्यूयॉर्कपासून फ्रान्समधील पॅरिसपर्यंत एकट्याने, वाटेत कोठेही न उतरता उड्डाण केले. साऱ्या जगात त्याचा जयजयकार झाला. त्यानंतर पुढच्याच वर्षी एखाद्या स्त्रीला विमानाने अटलांटिक महासागरापलीकडे नेण्याची योजना काही लोकांनी आखली आणि त्यासाठी अमेलियाची निवड झाली. १७ जून १९२८ रोजी ती न्यूफाउंडलंड बेटावरून निघाली आणि २० तास ४० मिनिटांनी ब्रिटनमधील वेल्सच्या किनाऱ्यावर उतरली. विमानाने अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली. तिच्या स्वागतासाठी गर्दी लोटली, वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे छापली. पण अमेलियाचे मन समाधानी नव्हते. ते विमान चालविले होते विल्मर स्टुल्ट्झ याने, आणि त्याच्या इंजिनांची निगा राखली होती लुई गॉर्डन याने. अमेलिया केवळ खिडकीशी बसून टिपणे लिहीत होती. आपण या प्रवासात एखाद्या ओझ्यासारख्या होतो, असे तिने मोकळेपणाने सांगितले, आणि खरे श्रेय त्या दोघांचे आहे, हेही ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. न मिळविलेली कीर्ती तिला बोचत होती. ज्या दिवशी आपण एकट्याने हा महासागर ओलांडू, त्याच दिवशी आपण या मानास पात्र ठरू, अशी खूणगाठ तिने मनाशी बांधली.

हा निश्चय पार पाडण्यास तिने चार वर्षे घेतली. या काळात तिने शेकडो तास उड्डाण केले. ढगांत किंवा अंधारात बाहेरचे काहीच दिसत नसताना केवळ समोरच्या यंत्रांवर नजर ठेवून विमान सरळ कसे न्यावे, याचा तिने कसून अभ्यास केला. बेर्न्ट बाल्चेन हा नॉर्वे देशाचा अनुभवी वैमानिक तिचा सल्लागार होता. विमान होते लॉकहीड कंपनीचे तांबड्या रंगाचे व्हेगा. लाकडी अंगाचे आणि एका इंजिनाचे. त्यात नवे, सुमारे ५०० अश्वशक्तीचे इंजिन बसविण्यात आले. जादा टाक्या लावून ४२० गॅलन पेट्रोल मावेल, अशी सोय करण्यात आली. या साऱ्या तयारीचा गाजावाजा तिने मुळीच होऊ दिला नाही.

२० मे १९३२ हा दिवस उजाडला. लिंडबर्गच्या उड्डाणास त्या दिवशी बरोबर पाच वर्षे होत होती. या पाच वर्षांत उत्तर अटलांटिक महासागर विमानाने एकट्याने ओलांडणे दुसऱ्या कोणालाही साधले नव्हते. त्या दिवशी दुपारी अमेलिया न्यूफाउंडलंडमधील हार्बर ग्रेस येथे पोचली. विमान तेथपर्यंत बाल्चेनने आणले होते, म्हणून तिला थोडी विश्रांती मिळाली. तिने झोप घेतली, हवामानाची माहिती ऐकली, बाल्चेनचा निरोप घेतला आणि सायंकाळी सात वाजून गेल्यावर तिचे विमान धावपट्टी सोडून महासागराच्या दिशेने झेपावले. बरोबर शिदोरी कसली? थर्मासमधील थोडे सूप आणि टोमॅटोचा रस, एवढीच!

आरंभीचे काही तास सुखाचे गेले. सूर्य मावळला, चंद्र उगवला, खाली हिमनग चमकताना दिसले. आणि मग संकटांची मालिका सुरू झाली.

प्रथम उंचीदर्शक यंत्र बंद पडले. हे यंत्र हवेच्या दाबावरून विमान समुद्रापासून किती उंचीवर आहे, ते दाखविते. त्याचा काटा एकाएकी सैरभैर फिरू लागला. बारा वर्षांच्या अनुभवात असा प्रसंग तिच्यावर आला नव्हता. अंधारात आपण किती उंच आहोत, हे सांगणारा तिचा सोबती आता मुका झाला.

थोड्याच वेळाने विमान एका वादळात सापडले. विजा चमकू लागल्या, वाऱ्याचे तडाखे बसू लागले. अमेलियाने दिशा सोडली नाही. वादळातून वाट काढीत असताना तिची दृष्टी इंजिनाकडे गेली आणि तिला एक भयंकर दृश्य दिसले. इंजिनाच्या बाजूस एका फटीतून ज्वाळा बाहेर पडत होती.

हा बिघाड कशाचा होता, ते समजून घेतले पाहिजे. त्या इंजिनात नऊ नळकांडी चाकाच्या आऱ्यांसारखी वर्तुळाकार बसविलेली होती. प्रत्येकात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण जळे. जळून उरलेला तप्त वायू एका कड्यासारख्या जाड नळीत गोळा होऊन बाहेर जाई. या नळीचा एक जोड तडकला होता आणि त्या फटीतून तप्त वायू ज्वाळेच्या रूपाने बाहेर येत होता. इंजिनाची शक्ती अजून कमी झाली नव्हती, पंखा पूर्वीसारखाच फिरत होता. पण ती फट वाढत जाणार, नळीला हादरे बसणार आणि कदाचित तिचा तुकडाच गळून पडणार, हे उघड होते. विमान लाकडाचे होते आणि टाक्यांत शेकडो गॅलन पेट्रोल होते.

अशा वेळी घाबरलेला मनुष्य प्रथम काय करील? जेथून निघालो तेथे परत जावे, असेच त्याला वाटेल. अमेलियाच्या मनातही हा विचार आला. पण मनात आलेला पहिला विचार तिने आज्ञा म्हणून स्वीकारला नाही. तिने दोन्ही मार्ग तराजूत घालून पाहिले. निघून सुमारे चार तास झाले होते. परत फिरावे तर पुन्हा तितकेच तास अंधारातून आणि त्याच वादळातून जावे लागणार होते. हार्बर ग्रेसच्या धावपट्टीवर दिवे नव्हते. मध्यरात्री ती सापडेल, याचा भरवसा नव्हता. आणि सापडली तरी पेट्रोलने जड झालेले विमान अंधारात उतरविताना आपटले, तर क्षणात पेट घेणार होते. पुढे जावे तर महासागराचा मोठा भाग बाकी होता. पण पेट्रोल जळत जाऊन विमान हलके होणार होते, आणि किनारा येईल तेव्हा दिवस उजाडलेला असणार होता. नळीचा पत्रा जाड आहे आणि तो काही तास तग धरू शकेल, हे इंजिनाची माहिती असल्यामुळे ती जाणत होती. दोन्हीकडे धोका होताच. त्यांतला लहान कोणता, एवढाच प्रश्न होता. तिने पुढे जाण्याचा निर्णय घेतला. एकदा निर्णय झाल्यावर ती ज्वाळेकडे पाहत बसली नाही. तिने आपले लक्ष समोरच्या यंत्रांकडे वळविले.

परंतु कसोटी अजून संपली नव्हती. ढगांच्या वर जावे, म्हणून तिने विमान उंच चढविले. वरच्या हवेत कडाक्याची थंडी होती. काचेवर चिखलासारखा बर्फ साचू लागला, विमान जड झाले आणि त्याची चढण्याची शक्ती ओसरू लागली. पंखांवर बर्फ साचला की वजन तर वाढतेच, पण त्याहून वाईट म्हणजे पंखांचा आकार बिघडतो आणि ज्या आकारामुळे हवा विमानाला उचलून धरते, तो आधारच नाहीसा होतो. तसेच झाले. विमान गिरक्या घेत खाली कोसळू लागले. बर्फामुळे सुकाणूचे दांडे नीट चालेनात. उंचीदर्शक यंत्र बंद असल्यामुळे समुद्र किती जवळ आला, हे कळण्यास मार्ग नव्हता. खालच्या उबदार हवेत येताच बर्फ वितळू लागला आणि अमेलियाने विमान सावरले. पाहते तो लाटांचा पांढरा फेस तिला अगदी जवळ दिसत होता! उंचीची नोंद कागदावर करणारे दुसरे एक यंत्र विमानात होते. त्यावरील रेघ सुमारे ३,००० फूट सरळ खाली आलेली पुढे लोकांनी पाहिली.

आता तिने मधला मार्ग धरला. फार वर गेले तर बर्फ, फार खाली गेले तर लाटा. इंजिनाच्या फेऱ्या दाखविणाऱ्या यंत्रावर बर्फ धरू लागला की ती थोडी खाली येई. खाली समुद्र दिसू लागला की थोडी वर जाई. अशा रीतीने उरलेली रात्र तिने काढली. झोप येऊ नये म्हणून तिने उग्र वासाचे औषध जवळ ठेवले होते. बाजूला ती ज्वाळा जळतच होती.

पहाट झाली. उजेडात ज्वाळा दिसेनाशी झाली, पण फट वाढली होती आणि नळीचे हादरे अधिकच जाणवू लागले होते. तिने राखीव टाकीतील पेट्रोल सुरू केले, तो तिच्या ध्यानात आणखी एक बिघाड आला. पेट्रोल मोजणारे यंत्र गळत होते आणि थेंब थेंब तिच्या मानेवर पडत होते. आता एकीकडे पेट्रोलची वाफ आणि दुसरीकडे उघडी ज्वाळा!

येथे तिला दुसरा निर्णय घ्यावा लागला, आणि तो पहिल्याइतकाच कठीण होता. लिंडबर्गप्रमाणे पॅरिसला जाऊन पोचावे, अशी तिची मनीषा होती. पेट्रोल अजून शिल्लक होते. चार वर्षे उराशी बाळगलेले ते स्वप्न होते. परंतु इंजिनाची स्थिती पाहता आणखी शेकडो मैल जाणे म्हणजे अविचार झाला असता. पुढे जाण्याचे धैर्य दाखविणाऱ्या अमेलियाने थांबण्याचेही धैर्य दाखविले. जी पहिली भूमी दिसेल तेथेच उतरावयाचे, असे तिने ठरविले आणि पॅरिसचा विचार मनातून काढून टाकला.

अखेर आयर्लंडचा किनारा दिसला. पुढे डोंगर होते आणि त्यांवर वादळी ढग जमले होते. उंचीदर्शक यंत्रावाचून डोंगरांत शिरणे तिने टाळले. ती उत्तरेकडे वळली. रेल्वेचे रूळ दिसताच ते एखाद्या शहराकडे जात असतील, असा तर्क करून ती त्यांच्या वरून उडत राहिली. लंडनडेरी शहर आले, पण विमानतळ काही दिसेना. मग तिने आसपास घिरट्या घालून कल्मोर येथील एक गाईंचे कुरण निवडले, चारी बाजूंनी ते नीट पाहून घेतले आणि विमान अलगद उतरविले. गाई भेदरून इकडेतिकडे पळाल्या. पण एकाही जनावराला इजा झाली नाही आणि अमेलियाही सुखरूप राहिली. धावत आलेल्या शेतमजुराने फार लांबून आलात काय, असे विचारले. तेव्हा आपण अमेरिकेहून आलो, असे तिने शांतपणे सांगितले. त्याचा प्रथम विश्वासच बसेना.

२१ मे १९३२ चा तो दिवस होता. सुमारे २,००० मैलांचा प्रवास १५ तासांना थोडी मिनिटे कमी असताना पुरा झाला होता. उत्तर अटलांटिक एकट्याने ओलांडणारी ती पहिली स्त्री आणि लिंडबर्गनंतरची दुसरी व्यक्ती होती. अमेरिकेच्या विधिमंडळाने तिला वैमानिकांसाठी असलेले सन्मानपदक दिले. ते मिळविणारी ती पहिली स्त्री. फ्रान्सच्या शासनानेही तिचा गौरव केला. हे सन्मान तिने आता ताठ मानेने स्वीकारले. कारण ते तिने स्वतः मिळविले होते.

आपल्या कीर्तीचा उपयोग तिने इतर स्त्रियांसाठी केला. १९२९ साली अमेरिकेतील स्त्री-वैमानिकांनी एक संघ स्थापन केला. त्यात आरंभी ९९ जणी सामील झाल्या, म्हणून संघाचे नावच ‘नव्व्याण्णव’ असे पडले. अमेलिया त्याची पहिली अध्यक्षा झाली. पुढे पर्ड्यू विद्यापीठात विद्यार्थिनींना व्यवसाय निवडण्याविषयी ती मार्गदर्शन करीत असे. १९३५ च्या जानेवारीत हवाई बेटांपासून कॅलिफोर्नियापर्यंतचा प्रशांत महासागर तिने एकटीने ओलांडला. तोपर्यंत कोणाही पुरुषाला किंवा स्त्रीला हे एकट्याने साधले नव्हते.

यानंतर विषुववृत्ताच्या जवळून साऱ्या पृथ्वीला प्रदक्षिणा घालावी, ही आकांक्षा तिच्या मनात जागी झाली. १ जून १९३७ रोजी दोन इंजिनांच्या विमानातून, फ्रेड नूनन या मार्गदर्शकास घेऊन, ती मायामीहून निघाली. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका ओलांडून तांबड्या समुद्राच्या काठावरून ती सरळ कराचीला आली. कराची त्या वेळी हिंदुस्थानात होती. तेथून १७ जून रोजी ती कलकत्त्यास पोचली. मृगाचा पाऊस सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी चिखलाने भरलेल्या धावपट्टीवरून विमान मोठ्या प्रयासाने उठले आणि टोकाच्या झाडांच्या शेंड्यांवरून कसेबसे निसटले. पुढे ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर पावसाचा जोर इतका झाला, की तिला एकदा अर्ध्या वाटेवरून माघारी यावे लागले. हे माघार घेणेही शहाणपणाचेच होते.

सुमारे २२,००० मैलांचा प्रवास पुरा करून ती न्यू गिनी बेटावरील लाए येथे आली. आता ७,००० मैल उरले होते. २ जुलै १९३७ रोजी ती हाउलंड या बेटाकडे निघाली. अडीच हजार मैलांहून अधिक अंतरावरचे हे बेट केवळ दोन-अडीच किलोमीटर लांबीचे! ते सापडावे म्हणून अमेरिकेचे एक जहाज जवळ उभे होते आणि रेडिओने दिशा समजेल, अशी योजना होती. जहाजावरील लोकांना अमेलियाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. पण त्यांचे शब्द तिच्यापर्यंत नीट पोचत नव्हते. संदेश पाठविण्याची लांब तार तिने प्रवासाच्या आरंभीच काढून ठेवली होती आणि तारायंत्राच्या खुणांची भाषा त्या दोघांनाही चांगली अवगत नव्हती. इंजिनांची जशी निगा राखली, तशी रेडिओची तयारी झाली नव्हती. पेट्रोल संपत आल्याचे तिने कळविले आणि त्यानंतर काही वेळाने आवाज थांबला. जहाजांनी आणि विमानांनी दोन आठवड्यांहून अधिक काळ शोध केला, पण अमेलिया आणि नूनन यांचा मागमूस लागला नाही. त्या वेळी चाळिसावे वर्ष पुरे होण्यास तिला थोडेच दिवस राहिले होते.

अशा रीतीने तिच्या जीवनाचा शेवट दुःखद झाला. तरीही या दोन प्रवासांतून आपणास बरेच शिकता येते. १९३२ च्या त्या रात्री तिचे यंत्र बिघडले, पण आधी मिळविलेले ज्ञान आणि आधी केलेला सराव तिच्या मदतीस धावून आला. १९३७ साली तिचे धैर्य तसूभरही कमी झाले नव्हते. परंतु तयारीत एक दुवा कच्चा राहिला आणि निसर्गाने तेवढीच उणीव हेरली. संकट कोणत्या रूपाने येईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून आपली विद्या सर्व बाजूंनी पक्की असावी लागते.

आजही विमान चालविण्यास शिकणाऱ्या तरुणांना पहिला धडा हाच देतात : इंजिन बिघडले तरी प्रथम विमान सांभाळा, मग विचार करा, आणि उतरण्यास योग्य जागा डोळ्यांसमोर ठेवा. अमेलियाने हे सर्व महासागराच्या मध्यावर, एकटीने आणि अंधारात केले. पेटलेल्या ज्वाळेच्या शेजारी बसून शांतपणे हिशेब मांडणारी आणि हिशेब पटल्यावर सुकाणू घट्ट धरून पुढे जाणारी ही स्त्री विमानविद्येच्या इतिहासात अमर झाली आहे.